जप्त झालेली माती

'मजबूत' आणि 'जप्ती' हे सख्खे भाऊबहीण आहेत असे सांगितले, तर हप्ते थकलेल्या माणसाला ती थट्टा वाटेल. पण दोघांचे घराणे एकच आहे. अरबीत ज़्वाद, बे आणि तोय या तीन व्यंजनांचा एक धातू आहे. त्याचा अर्थ धरून ठेवणे, आवरणे, ताब्यात ठेवणे. त्याचे भाववाचक नाम 'ज़ब्त'. ते फारसीतून आपल्याकडे आले आणि 'त'च्या शेजारी 'ब' टिकणे जिभेला जड गेल्याने 'जप्त' झाले असावे. त्याच धातूचे कर्मवाचक विशेषण 'मज़्बूत', म्हणजे जे धरले गेले आहे ते, आवरलेले. मराठीत त्याचे 'मजबूत' झाले. जुन्या कागदांत 'मजबूद' आणि 'मजबुदी' अशीही रूपे दिसतात.

हा साचा मराठीला अनोळखी नाही. ज्याचा ज़िक्र झाला तो 'मजकूर', जे हासिल झाले तो 'महसूल', ज्यावर नज़र पडून होकार मिळाला ते 'मंजूर'. त्याच चालीवर ज्याचा ज़ब्त झाला ते 'मजबूत'. याच रांगेत 'मजबूर'ही उभा आहे आणि तो शेवटच्या एका अक्षराने वेगळा आहे असे वाटते. तो देवनागरीचा भास आहे. मूळ लिपीत त्यांचे 'ज'ही निराळे. 'मजबूर'चा जीम, 'मजबूत'चा ज़्वाद. 'मजबूर'चा धातू 'जब्र', ज्यातून आपली 'जबरी' आली. गंमत अशी की अरबीत 'जब्र' म्हणजे मोडलेले हाड सांधणेसुद्धा. नवव्या शतकात अल-ख्वारिज्मीने समीकरणे सोडवण्याच्या रीतीला हेच नाव वापरले आणि त्यातून 'अलजिब्रा' निघाला. हाडवैद्याची फळी आणि शाळेतला बीजगणिताचा तास असे एका धातूत नांदतात.

पुन्हा 'ज़ब्त'कडे. आज जप्ती म्हटले की कुलूप आणि पंचनामा आठवतो, पण शब्दाचा मूळ भाव एवढा कडू नसावा. अकबराच्या काळी, 1580 च्या सुमारास तोडरमल्लाने बसवलेल्या महसूलपद्धतीला 'ज़ब्त' म्हणत. तिथे जमीन ज़ब्तीत आली म्हणजे कुणी हिसकावली असे नव्हे. ती मोजली गेली, तिची प्रत ठरली, तिच्यावरचा आकार नक्की झाला. हदीसच्या परंपरेत निवेदकाची पारख करताना त्याचा 'ज़ब्त' पाहतात, म्हणजे ऐकलेले त्याने जसेच्या तसे धरून ठेवले आहे का ते. अरबीत आजही सैन्यातल्या अधिकाऱ्याला 'ज़ाबित' म्हणतात. आणि आपल्याकडे? शिवराज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची कामे नेमून देणारा 'कानूजाबता' प्रसिद्धच आहे. त्यातला 'जाबता' हा 'ज़ाबिता'च, म्हणजे आवरून, बांधून घालणारा नियम. जप्तीची कुळी अशी राजदरबारातली आहे.

नियम, मोजणी, स्मरण, सैन्य आणि भिंतीचा भक्कमपणा या सर्वांना एका धातूने कवेत घ्यावे, यामागे एक कल्पना दिसते. जी वस्तू मोकळी सुटत नाही, ती टिकते. ही कल्पना या एका धातूपुरती नाही, आणि फक्त अरबांचीही नसावी. 'हुकूम' आणि 'हाकीम' ज्या धातूचे, त्यातच घोड्याच्या तोंडातल्या लगामाच्या कडीला 'हकमा' म्हणतात, आणि पक्के, घट्ट या अर्थाचा जुना 'मोहकम' त्याचाच. 'बंदोबस्त' तर उघडच आहे, 'बंद' आणि 'बस्त' ही बांधण्याचीच दोन फारसी रूपे, संस्कृत 'बन्ध्'ची चुलत भावंडे. आणि संस्कृत 'दृढ'? त्याचा धातू 'दृंह्', म्हणजे घट्ट बसवणे. ऋग्वेदाच्या हिरण्यगर्भ सूक्तात पृथ्वीला हेच विशेषण लावले आहे, आणि तिथे ते 'दृळ्ह' असे आहे. मराठी माणसाला तो 'ळ' पाहून उगाच आपलेपणा वाटतो, तसा मलाही वाटतो. या धातूचे अवेस्तातले भावंड 'दरॅज़', अर्थ बांधणे. फारसीत शिवणीला 'दर्ज़' म्हणतात, आणि शिवण घालणारा तो 'दर्ज़ी', म्हणजे आपला दर्जी. 'दर्ज़'चे मूळ 'दरॅज़'मध्येच असावे, असे मानायला जागा आहे. तसे असेल तर 'दृढ' आणि 'दर्जी' एकाच कापडाचे तुकडे ठरतात.

एवढी कुळकथा सांगायचे कारण मातीत आहे. रस्त्याच्या पोटातली माती, जिला साइटवर सगळे 'सबग्रेड' म्हणतात, ती या शब्दाचा मूळ अर्थ शब्दशः पाळते. लोखंडाच्या कांबीला स्वतःची ताकद असते, ती टेबलावर ठेवा की हवेत धरा. मातीचे तसे नाही. तिच्या कणांना एकमेकांशी बांधणारे फारसे काही नसते, मुरूम-वाळूत तर जवळजवळ नसतेच. धान्याची रास हात लावताच घसरते, पण तेच धान्य पोत्यात घट्ट भरून तोंड शिवले की पोत्यावर माणूस उभा राहतो. धान्य तेच असते. मातीची दृढता ही मातीची कमी आणि तिला चहूबाजूंनी आवरणाऱ्या दाबाची जास्त. 'मजबूत'च्या अरबी कर्मवाचक रूपात हे व्याकरणानेच सांगितले आहे. मजबूत होता येत नाही, मजबूत केले जाते.

या चहूबाजूंच्या दाबाला मराठीत काय म्हणावे? 'दाब' एवढेच म्हटले तर मन वरून खाली जाते. वजन ठेवले, दाबले. 'दाबणे' हे क्रियापद गुजराती-हिंदीतही आहे, पण संस्कृतात त्याचा स्वच्छ पूर्वज सापडत नाही. टर्नरने आपल्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात त्याच्यासाठी एक तारांकित, म्हणजे कल्पून मांडलेले रूप दिले आहे. शब्द देशीच असावा. 'दबाव', 'दबाई', 'दबकणे', 'दबा धरणे' ही त्याची पोरेबाळे. 'दबदबा' मात्र या घरातला नाही, चेहरा कितीही जुळो. तो फारसी 'दब्दबा', नगाऱ्यांचा धडधडाट, आणि त्यावरून थाट, वचक. सरदाराची स्वारी यायच्या आधी नगारा ऐकू येई आणि लोक बाजूला होत, म्हणून ऐकणाऱ्यांनी त्याचे नाते 'दबणे'शी जोडले असेल.

वरून पडणाऱ्या दाबापासून बाजूंचा दाब वेगळा काढायचा तर मला 'कोंड' बरा वाटतो. कोंडदाब म्हणू या. संस्कृताळलेले 'परिरोध' किंवा 'अवरोध' सुचतील, पण 'अवरोध' म्हणजे राजाचा जनानखानाही, तेव्हा बिटुमेनच्या ड्रमांमध्ये तो जरा अवघडून उभा राहील. 'कोंडणे'चे मूळ बघू गेले तर दोन वाटा फुटतात. एक संस्कृत 'कुण्ड' आणि 'कुण्डल' यांच्याकडे जाते. खोलगट जागा, किंवा वेढणारे कडे. कोकणात नदीतल्या डोहाला 'कोंड' म्हणतात आणि डोंगरकुशीतल्या वाडीलाही 'कोंड' म्हणतात, त्या दोन्ही अर्थांना ही वाट पटते. दुसरी वाट दक्षिणेकडे जाते. कन्नडात 'कोंडि' म्हणजे कडी, आकडा, विंचवाची नांगीसुद्धा, आणि तमिळात 'कोण्टि' म्हणजे अडसर, आकडा. आपला दाराचा 'कोयंडा' या दिशेने आला असावा. मग 'कोंडणे' म्हणजे कोयंडा लावणे. मला दुसरी वाट जास्त पटते, कारण 'कोंडी', 'कोंडवाडा', 'कोंडमारा' या सगळ्यांत भांड्यापेक्षा बंद दार जास्त दिसते. धान्याच्या 'कोंड्या'चा प्रश्न उरतोच. पालीत तांदळाच्या तुसाच्या लाल भुकटीला 'कुण्डक' म्हणतात, त्यावरून तो वेगळ्या पंगतीतला दिसतो. दाण्याला कोंडून ठेवतो म्हणून कोंडा, ही व्युत्पत्ती गोड आहे, आणि गोड व्युत्पत्तींपासून चार हात दूर राहावे.

मातीची ही कोंडी प्रयोगशाळेत कशी करतात ते पाहण्यासारखे आहे. मातीची वितभर उंचीची दंडगोल वडी रबरी पिशवीत घालतात, पाणी किंवा हवा भरलेल्या बंद भांड्यात उभी करतात आणि भांड्यातला दाब वाढवतात. हा कोंडदाब. मग वरून दांड्याने हलके, वेगाने, पुन्हापुन्हा ठोके देतात, जणू चाके वरून जात आहेत. ठोका उतरल्यावर वडी किती उसळून परत येते त्यावरून तिची दृढता काढतात. सबग्रेडच्या मातीसाठी अमेरिकी महामार्ग अधिकाऱ्यांच्या प्रमाणपद्धतीत तीन कोंडदाब ठरले आहेत: 41.4, 27.6 आणि 13.8 किलोपास्कल. आकडे विचित्र दिसतात, कारण ते मुळात प्रति चौरस इंच 6, 4 आणि 2 पौंड आहेत. आपल्या डोक्यावरची हवा सुमारे 101 किलोपास्कलने दाबते. म्हणजे यातला सर्वात लहान कोंडदाब हवेच्या साधारण सातव्या हिश्शाचा. रस्त्याखाली मीटरभर खोलीवर माती स्वतःच्या वजनाने आडवी जेवढी कोंडली जाते, तो दाब याहूनही कमी भरतो.

इतक्या कमी कोंडीनेही फरक मोठा पडतो. नॉर्वेच्या निल्मार यान्बूने 1963 मध्ये मांडलेले सूत्र अजून वापरात आहे. मातीची दृढता कोंडदाबाच्या एका घाताप्रमाणे वाढते, आणि वाळूसारख्या मातीसाठी तो घात अर्ध्याच्या आसपास असतो. म्हणजे साधारण वर्गमूळ. कोंडदाब तिप्पट केला, 13.8 चा 41.4 केला, तर दृढता सुमारे 1.7 पट होते, आणि चौपट कोंडदाबाने दुप्पट. चिकणमातीचा स्वभाव निराळा. तिच्यावर कोंडदाबापेक्षा ठोक्याचा परिणाम जास्त, ठोका जड झाला की ती मऊ पडते. दख्खनच्या काळ्या मातीत रस्ता करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको, आणि तिथे पाणी शिरले की सगळी गणिते खाली बसतात.

इथे माझी एक तक्रार आहे. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 37 या पुस्तिकेत सबग्रेडची दृढता बहुधा थेट सीबीआरवरून, म्हणजे मातीच्या धारणक्षमतेच्या एका ठरीव चाचणीच्या आकड्यावरून, काढतात. सीबीआर 5 पर्यंत असेल तर त्याला 10 ने गुणायचे, त्यापुढे 17.6 गुणिले सीबीआरचा 0.64 वा घात. म्हणजे सीबीआर 5 ला 50 मेगापास्कल आणि 10 ला साधारण 77. सोयीचे आहे, मान्य. पण सीबीआरची माती लोखंडी साच्यात ठोकून भरलेली असते, वर वजनाच्या चकत्या ठेवलेल्या असतात. कोंडी तिथे आधीच करून ठेवली आहे, फक्त तिचा आकडा कुठे लिहिलेला नाही. 'साचा' हा शब्द संस्कृत 'सञ्चक'वरून आला असावा, आणि साच्याचा गुणधर्मच असा की आतल्या वस्तूचे श्रेय तो घेत नाही.

आता मातीत घालायच्या जाळीची गोष्ट. मातीत दुसरे काहीतरी घालून तिला आवरण्याची युक्ती जुनी. बगदादजवळच्या अकरकुफचा झिग्गुरात इसवीसनापूर्वी चौदाव्या शतकातला, त्याच्या कच्च्या विटांच्या थरांमध्ये बोरूच्या चटया घातलेल्या आजही दिसतात. आपल्याकडे भिंतीच्या चिखलात पेंढा तुडवत, तोही याच जातीचा. पण त्याला शास्त्राचे रूप दिले ते आँरी विदाल या फ्रेंच इंजिनिअर-वास्तुकाराने, 1963 च्या सुमारास. त्याने मातीच्या थरांत धातूच्या पट्ट्या घातल्या आणि नाव दिले 'तेर आर्मे', सशस्त्र माती. फ्रेंचांचे सळईचे काँक्रीटही 'बेताँ आर्मे', म्हणजे हत्यार घेतलेले. मराठीने 'प्रबलित' हा शब्द घेतला. तो शुद्ध आहे, पण त्यात माती गरीब आणि सळई श्रीमंत असा सूर लागतो. जाळी मातीला बळ देत नाही, ती मातीला पसरू देत नाही. चाकाखाली माती आडवी सरकू पाहते, जाळी घर्षणाने तिला धरते आणि स्वतः ताणली जाते. मातीला ते बाहेरून वाढलेल्या कोंडदाबासारखेच भासते. अरबी व्याकरणाने पाहिले तर हीच खरी 'मज़्बूत'.

या शाखेच्या कापडाला 'जिओटेक्स्टाइल' हे नाव झाँ-पिएर जिरू यांनी 1977 मध्ये दिले. ग्रीक 'गे' म्हणजे भूमी आणि लॅटिन 'तेक्सेरे' म्हणजे विणणे. त्याच दशकात अमेरिकी सैन्याच्या व्हिक्सबर्गच्या प्रयोगकेंद्रात वाळूवर वाहने चालवण्यासाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खणांत वाळू कोंडून पाहिली गेली, आणि त्यातून आजचे जिओसेल आले. वाळूला ज़ब्तीत आणण्याचे काम ज़ाबितांनीच केले, हा योगायोग मला फार आवडतो.

आता प्रश्न असा की बाहेरची कोंडी आणि जाळीची कोंडी यांची बेरीज सरळ होते का? नाही. बाहेरचा कोंडदाब कमी असतो तिथे जाळीचा उपयोग प्रमाणाने जास्त दिसतो. मोकळ्या मातीला तिची गरज असते. कोंडदाब वाढत गेला की माती स्वतःच इतकी आवरलेली असते की जाळीमुळे पडणारी भर तेवढीच राहिली तरी तिचा वाटा लहान होतो. दुसरी गोष्ट, जाळीला ताण यायला मातीने आधी थोडे सरकावे लागते. म्हणून फुटायच्या वेळची ताकद ती भरपूर वाढवते, पण अगदी सुरुवातीच्या, केसभर हालचालीतल्या दृढतेत कित्येकदा फारसा फरक पडत नाही. मातीत तंतू मिसळले तर आणखी एक वळण येते. कोंडदाब एका मर्यादेहून कमी असेल तर तंतू मातीतून निसटतात. त्या मर्यादेपलीकडे माती त्यांना इतकी घट्ट धरते की निसटणे बंद होते आणि ते ताणले जातात किंवा तुटतात. म्हणजे जाळीला धरण्यासाठीही मातीला कोंडदाब लागतो. धरणारा आणि धरलेला यांची अशी अदलाबदल 'ज़ब्त'च्या सगळ्या घराण्यात दिसते. ज़ाबित धरतो, मज़्बूत धरला जातो आणि ज़ाबिता दोघांनाही धरतो.

'रस्ता' या शब्दालाही शिस्तीची सवय आहे. फारसी 'रास्त' म्हणजे सरळ, खरा. त्यातून सरळ ओळ, मग दुकानांची ओळ, मग रस्ता. संस्कृत 'ऋजु' आणि लॅटिन 'रेक्तुस' त्याची दूरची भावंडे. रास्त भावाच्या दुकानापुढचा रस्ता म्हणजे एकच शब्द दोनदा. पुण्याची रास्ता पेठ ज्या सरदार घराण्याची, त्या रास्त्यांचे मूळ आडनाव गोखले होते आणि रास्त वागण्यामुळे हे नाव पडले, असे सांगतात.

मुरूमाचा प्रवास याहून लांबचा. तमिळात 'मुरम्पु' म्हणजे खडकाळ, गोट्यांची जमीन. कन्नड-तेलुगूत 'मोरम', हिंदीत 'मुरम'. पाणी मुरते तो मुरूम, ही आपली सोयीची समजूत, पण शब्द दक्षिणेकडून आला असावा. पुढे तो इंग्रज इंजिनिअरांच्या वहीत शिरला. आज केनिया-युगांडात लाल जांभ्या मातीच्या रस्त्याला 'मरम रोड' म्हणतात. 1896 पासून युगांडा रेल्वे बांधायला हजारो हिंदी मजूर आणि कारागीर तिथे नेले गेले. त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्या साहेबांबरोबर हा शब्द समुद्र ओलांडून गेला असावा.

राहिला 'धुम्मस', माती चोपण्याचे जड हत्यार. भरावाचे थर देऊन, पाणी मारून धुम्मस करणे, हे वाक्य सरकारी अंदाजपत्रकांत आजही भेटते. या कामात एक बारकावा आहे. धुमसाचे वजन उचलल्यावर मातीतला उभा दाब जातो, पण आडवा दाब सगळा जात नाही. कण एकमेकांत अडकून बसतात आणि त्यांच्यात थोडी कोंडी शिल्लक राहते. चांगली दबाई केलेला सबग्रेड पुढे चाकांखाली ताठ राहतो त्यात या शिलकीचा हात आहे. शब्द मात्र 'धुमसणे'तला नव्हे, ते क्रियापद धुराचे, 'धूम'चे. तेलुगूत चोपण्याच्या हत्याराला 'दिम्मिस', कन्नडात 'दिम्मसु', तमिळात 'तिमिसु' अशी रूपे दिसतात. मराठीने 'द'चा 'ध' केला तो 'धम्म' या आवाजाच्या नादाने असावा. आणि तो आणला कुणी? गाडी वडार, माती वडार, जाते वडार अशा कामावरून पडलेल्या शाखांच्या ज्या समाजाने दख्खनभर विहिरी खणल्या, ताली घातल्या, भराव टाकले, त्याच्या घरची बोली तेलुगूच्या वळणाची आहे. माझा संशय माती वडारांवर आहे.